नाही म्हणणारा माणूस

जनावराच्या गळ्यावर फिरण्याआधी सुरी शोहेतच्या नखावरून फिरते. कापणारा हा धर्मप्रशिक्षित माणूस पात्याची धार बोटाच्या मांसावर आणि नखाच्या कडेवर पुढे-मागे, डाव्या अंगाने, उजव्या अंगाने पुन्हा पुन्हा ओढून बघतो. डोळ्याला न दिसणारी एखादी बारीक खाच नखाला लागली, की सुरी बाजूला जाते, दगडावर घासली जाते आणि तपासणी पहिल्यापासून सुरू होते. तोवर जनावर उभं असतं, कामगार खोळंबलेले असतात, मालक घड्याळ बघत असतो. तरीही थांबावंच लागतं. कापून झाल्यावर सुरी पुन्हा तपासतात. तेव्हा खाच सापडली, तर आधीच्या तपासणीनंतर त्या सुरीने कापलेलं बाद ठरतं.

ज्यू धर्मनियमांनुसार मांस ‘कोशेर’ म्हणजे खाण्यास योग्य कशामुळे होतं, असं विचारलं तर बरेच जण सांगतील, की कुणी रबाय, म्हणजे ज्यू धर्मगुरू, येतो, मंत्र म्हणतो आणि मांस शुद्ध होतं. कापण्याआधी आशीर्वचन म्हणतात हे खरंच आहे. पण शोहेत ते म्हणायला विसरला, तरी मांस बाद होत नाही. सुरीला खाच असेल, तर मात्र कितीही प्रार्थना केल्या तरी ते मांस कोशेर होत नाही.

या नियमांचा अभ्यास करताना माझ्या मनात एक गोष्ट पक्की होत गेली. कुरणापासून ताटापर्यंतच्या वाटेवर हा धर्म ठिकठिकाणी एकेक माणूस उभा करतो आणि त्याला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार देतो. त्यातल्या प्रत्येकाला नकार देता येत होता आणि तरीही प्रत्येकाने होकार दिला, म्हणून मांस कोशेर होतं. त्या नकारातला जीव गेला, तर कोशेरचा शिक्का उरतो, पण त्याचा अर्थ उरत नाही.

खूर आणि रवंथ

पहिला नकार जनावरालाच आहे. तोरा या ज्यू धर्मग्रंथातल्या लेवीय आणि अनुवाद या पुस्तकांत चतुष्पादांसाठी दोन खुणा दिल्या आहेत. खूर दुभंगलेला हवा आणि जनावर रवंथ करणारं हवं. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, हरीण या कसोटीत बसतात. उंट रवंथ करतो, पण त्याचा खूर पुरता दुभंगलेला नसतो. डुकराचा खूर दुभंगलेला असतो, पण ते रवंथ करत नाही. एका खुणेवर कुणालाच प्रवेश नाही.

पक्ष्यांसाठी खुणा दिलेल्या नाहीत, निषिद्ध पक्ष्यांची यादी दिली आहे. पुढे त्यातल्या नावांचे नेमके पक्षी कोणते याबद्दल मतभेद झाले, तेव्हा विद्वानांनी वेगळी वाट काढली. पूर्वज जो पक्षी खात आले अशी खात्रीची परंपरा आहे, तोच खायचा. कोंबडी, बदक, हंस, कबूतर असे या यादीत आले. टर्की तर अमेरिकेतून आलेला पक्षी, त्याला प्राचीन परंपरा कुठून असणार? त्यावर पुष्कळ खल झाला आणि अखेर बहुतेकांनी तो स्वीकारला. माशाला पर आणि खवले दोन्ही हवेत. त्यामुळे पापलेट आणि रावस चालतात. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या चालत नाहीत. मासा विशिष्ट पद्धतीने कापण्याचं बंधन नाही.

जनावर योग्य असलं तरी ते कोणत्याही दिवशी कापता येत नाही. आई आणि तिचं पिल्लू एकाच दिवशी कापायला तोरामध्ये मनाई आहे. इसवी सन 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या नियमसंग्रहात हा नियम थेट बाजारात आणला आहे. ज्या दिवसांत घरोघरी मांस लागतं, अशा वर्षातल्या चार सणांच्या वेळी जनावर विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला आपणहून सांगायचं, की याची आई किंवा याचं पिल्लू मी आजच कापण्यासाठी विकलं आहे. भर गर्दीत, विक्रीच्या ऐन घाईत विक्रेत्याला स्वतःचाच सौदा लांबणीवर टाकणारी माहिती द्यायला लावणारा हा नियम आहे.

पाच चुका

कापण्याच्या विधीला शेहिता म्हणतात. शोहेत होण्यासाठी नियमांचा अभ्यास करावा लागतो, सुरीला धार लावायला महिनोन् महिने शिकावं लागतं आणि शेवटी जाणत्या रबायकडून परवाना मिळवावा लागतो. सुरीचं टोक बोथट, चौकोनी असतं, म्हणजे ते कुठे टोचायला नको. पातं जनावराच्या मानेच्या रुंदीच्या निदान दुप्पट लांब असावं, अशी रीत आहे. गुराच्या किंवा शेळी-मेंढीच्या बाबतीत श्वासनलिका आणि अन्ननलिका या दोन्हींचा बहुतेक भाग कापला गेला पाहिजे. पक्ष्याच्या बाबतीत त्यातली एक पुरते.

या एका हालचालीत पाच चुका होऊ शकतात आणि त्यातली कोणतीही एक झाली तरी मांस बाद होतं. सुरी क्षणभर थांबली. ती ओढण्याऐवजी दाबली गेली. पातं कातडीखाली किंवा लोकरीखाली झाकलं गेलं. वार गळ्यावरच्या ठरलेल्या पट्ट्याबाहेर गेला. नळ्या कापल्या जाण्याऐवजी फाटल्या. बॅबिलोनी तालमूद या धर्मचर्चांच्या संग्रहातला ‘हुलिन’ हा ग्रंथ या विषयावर पानंच्या पानं चर्चा करतो. सुरी पडली आणि तिने आपोआप गळा कापला तर? वार अर्धवट असताना अंगावरचं वस्त्र खाली पडलं आणि ते उचलायला हात थांबला तर? असे प्रश्न वाचताना आरंभी कीस काढल्यासारखं वाटतं. नंतर त्यामागचा आग्रह दिसतो. एक जीव जाणार आहे, तर त्या क्षणी काय घडलं याचा संपूर्ण हिशेब कुणाला तरी देता आला पाहिजे.

गावाकडे बोकड कापायला मुलाण्याला बोलावण्याची रीत महाराष्ट्राला चांगली ठाऊक आहे. हलाल आणि कोशेर यांत साम्यं आहेत. दोन्हीकडे गळ्यावर धारदार सुरीने वार, दोन्हीकडे रक्त वाहून जाऊ देणं, दोन्हीकडे डुक्कर वर्ज्य. फरक नियमांचा भार कुठे आहे यात पडतो. हलालमध्ये कापताना ईश्वराचं नाव घेणं केंद्रस्थानी आहे. कोशेरमध्ये तो भार सुरीवर, वाराच्या अखंडपणावर आणि त्यानंतरच्या तपासणीवर पडतो.

फुप्फुसात घातलेला हात

वार निर्दोष झाला, तरी मांस अजून कोशेर झालेलं नसतं. जनावर आतून धड असलं पाहिजे. जी इजा किंवा जो आजार त्याचा जीव घेणारच होता, तो शरीरात आढळला तर ते ‘तरेफा’ ठरतं. बाराव्या शतकातला ज्यू विद्वान मायमोनिडीस याने अशा दोषांची यादी सत्तरपर्यंत नेली.

प्रत्यक्षात मुख्य तपासणी फुप्फुसांची होते. गुरांमध्ये पूर्वीच्या आजाराने फुप्फुसांवर चिकट पापुद्रे तयार होतात, ती छातीच्या भिंतीला किंवा एकमेकांना चिकटतात. तपासनीस फुप्फुसं बाहेर काढण्याआधी छातीच्या पोकळीत हात घालतो आणि स्पर्शावरून ते पापुद्रे शोधतो. तिथे डोळ्यांचा उपयोग नसतो, सगळी भिस्त बोटांवर. नंतर फुप्फुसं बाहेर काढून फुगवतात, शंका आल्यास पाण्याखाली धरतात. बुडबुडा आला म्हणजे छिद्र आहे, म्हणजे जनावर बाद.

पापुद्रा सापडला तर काय करायचं, यावर दोन परंपरा आहेत. स्पेनमध्ये जन्मलेले, तिथून ज्यूंची हकालपट्टी झाल्यावर अखेरीस साफेद गावी स्थिरावलेले जोसेफ कारो यांचा ‘शुल्हान आरुख’ हा नियमग्रंथ 1565 साली व्हेनिसमध्ये छापला गेला. कारो यांचं मत कडक होतं. क्राकोचे मोझेस इसर्लेस यांनी त्यावर टिपा लिहिल्या आणि प्रौढ गुरांच्या बाबतीत हळुवार चोळून सुटणाऱ्या पापुद्र्यांना मुभा दिली. युरोपातल्या उत्तरेकडच्या गरीब वस्त्यांमध्ये एक बैल बाद होणं म्हणजे एका कुटुंबाचं दिवाळं, हे वास्तव अशा सवलतींमागे होतं. आज दुकानांवर ‘ग्लाट’ असं लिहिलेलं दिसतं, ते गुळगुळीत, निर्मळ फुप्फुसांच्या जनावराचं मांस असल्याची ग्वाही देतं.

बाद झालेलं जनावर फेकून देत नाहीत. ते इतर धर्मीयांना विकता येतं. त्यामुळे कोशेर व्यवसाय नेहमी एका मोठ्या बाजाराच्या कुशीत चालतो. इस्रायलचे शोहेत आणि तपासनीस कित्येक महिने अर्जेंटिना, उरुग्वे, पराग्वे इथल्या कत्तलखान्यांत जाऊन राहतात. त्यांनी मान्य केलेलं मांस इस्रायलला जातं, नाकारलेलं इतर बाजारात.

शीर, चरबी, रक्त

याकोब रात्रभर एका दिव्य पुरुषाशी झुंजला आणि त्याची मांडी निखळली, ही कथा उत्पत्तीच्या पुस्तकात आहे. तिची आठवण म्हणून मागच्या मांडीतली मोठी शीर खात नाहीत. शिवाय गुरं, मेंढ्या, शेळ्या यांच्या पोटातली ठरावीक चरबी वर्ज्य आहे, कारण ती वेदीवर अर्पण होत असे. शीर आणि चरबी काढणं हे कसबी हातांचं काम. ते कसब इस्रायलमध्ये टिकून आहे. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये मात्र बहुतेकदा मागचा अर्धा भाग सरळ इतर बाजारात विकून टाकतात. म्हणून तिथल्या कोशेर दुकानात जनावराचा पुढचाच भाग दिसतो.

मग येतं रक्त. रक्तात प्राण आहे आणि प्राणावर खाणाऱ्याचा हक्क नाही, ही तोरामधली भूमिका आहे. पक्षी किंवा हरणासारखं रानटी जनावर कापलं, तर जमिनीवर सांडलेलं रक्त मातीने झाकतात. मांसात उरलेलं रक्त काढण्यासाठी ते अर्धा तास पाण्यात भिजवतात, सगळ्या बाजूंनी जाडं मीठ लावून निचरा होईल अशा उतरत्या फळीवर तासभर ठेवतात आणि तीनदा धुतात. कलेजीत रक्त इतकं असतं, की मीठ पुरत नाही. ती उघड्या आगीवर भाजावी लागते. हे काम पिढ्यान् पिढ्या घरातल्या बायकांनी केलं. कत्तलखान्यात पुरुषांचा शब्द चालायचा, पण मांस शेवटी कोशेर व्हायचं ते स्वयंपाकघरात.

शेवटचा नियमही स्वयंपाकघरातलाच. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, असं तोरामध्ये तीनदा सांगितलं आहे. त्यावरून मांस आणि दूध एकत्र शिजवणं आणि खाणं निषिद्ध झालं, भांडी वेगळी झाली. मांस खाल्ल्यावर दुधाचा पदार्थ खाण्याआधी कुणी सहा तास थांबतात, जर्मन परंपरेत तीन, डच परंपरेत एक.

विसाव्या शतकाच्या आरंभी पॅलेस्टाइनचे मुख्य रबाय झालेले अब्राहम आयझॅक कूक या सगळ्या पसाऱ्याकडे वेगळ्या नजरेने पाहत. आदामाला फक्त वनस्पती खायला दिल्या होत्या, मांसाची परवानगी जलप्रलयानंतर मिळाली, हा तोरामधला क्रम त्यांना महत्त्वाचा वाटत असे. त्यांच्या मते ती परवानगी माणसाच्या दुबळेपणाला दिलेली तात्पुरती सवलत होती. ही सगळी बंधनं माणसाच्या मनात जिवाबद्दलची टोचणी जागी ठेवण्यासाठी आहेत, असं ते मानत.

सुरी कुणाच्या पगारावर?

जिथे नकाराचा अधिकार असतो, तिथे पैसाही असतो आणि सत्ताही. अठराव्या शतकात पूर्व युरोपात हसिदी पंथ उदयाला आला, तेव्हा त्याच्या अनुयायांनी अधिक बारीक धारेच्या, घासून चकचकीत केलेल्या सुऱ्यांचा आग्रह धरला. 1772 मध्ये ब्रोडी शहरातल्या विरोधकांनी त्यांच्यावर बहिष्कार पुकारला, त्यात या सुऱ्यांचाही विषय होता. वाद धारेचा दिसत असला, तरी ज्याचा शोहेत वेगळा त्याचं मांस वेगळं, ज्याचं मांस वेगळं त्याची पंगत वेगळी. शिवाय अनेक गावांत मांसावरचा कर हे समाजाच्या उत्पन्नाचं मोठं साधन होतं.

या कराची जखम स्थलांतरितांबरोबर न्यूयॉर्कला पोचली. तिथल्या काही सिनेगॉगांनी, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळांनी, 1888 साली व्हिल्नाहून जेकब जोसेफ यांना मुख्य रबाय म्हणून आणलं. त्यांनी तपासलेल्या कोंबडीला शिशाचा छोटा बिल्ला लावायचा आणि त्यासाठी एक सेंट घ्यायचा, असं ठरलं. लोकांना रशियातल्या जाचक मांसकराची आठवण झाली आणि ते बिथरले. खाटकांना नवा वरिष्ठ नकोच होता. योजना बारगळली.

जोसेफ वारले त्याच वर्षी, 1902 च्या मे महिन्यात, कोशेर गोमांसाचा भाव पौंडाला 12 सेंटवरून 18 वर गेला. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड वस्तीतल्या बायका रस्त्यावर उतरल्या. त्यांनी दुकानांतलं मांस बाहेर फेकलं, घरोघरी जाऊन चुली मांसाविना ठेवायला सांगितलं, सिनेगॉगात शिरून पुरुषांना जाब विचारला, अटका ओढवून घेतल्या. जूनमध्ये भाव 14 सेंटवर आला. जे मांस त्या तासभर मिठात ठेवून कोशेर करत होत्या, तेच त्यांनी एकजुटीने नाकारलं. गिऱ्हाईकही ‘नाही’ म्हणू शकतं, हे त्यांनी सगळ्या शहराला दाखवलं.

नकाराचा हा हक्क पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मंदीच्या काळात रूझवेल्ट सरकारने उद्योगांसाठी आचारसंहिता केल्या. न्यूयॉर्कच्या जिवंत कोंबड्यांच्या व्यापाराच्या संहितेत एक कलम होतं, की घेणाऱ्याने खुराड्यातून एकेक कोंबडी निवडायची नाही, हाताला येईल ती घ्यायची. ब्रुकलिनमधल्या शेख्टर बंधूंचा धंदा कोशेर कोंबड्यांचा, आणि त्यात पारखून घेणं, नाकारणं हे रोजचंच. त्यांच्यावर संहिता मोडल्याचा आणि खाण्यास अयोग्य कोंबडी विकल्याचाही खटला झाला. 27 मे 1935 रोजी न्यायालयाने एकमताने त्यांच्या बाजूने निकाल दिला. मुद्दा सरकारच्या अधिकारांच्या मर्यादेचा होता. त्या निकालाने रूझवेल्ट यांच्या आर्थिक धोरणाचा एक मुख्य खांब पडला.

शिक्का आणि वेदना

या व्यवस्थेचा सगळ्यात अवघड प्रश्न जनावराच्या वेदनेचा आहे. अनेक देशांत कापण्याआधी जनावराला बेशुद्ध करतात. सनातनी ज्यू धर्मशास्त्र ते मान्य करत नाही, कारण कापताना जनावर धड, इजा न झालेलं हवं. निर्दोष धार आणि अखंड वार यांमुळे शुद्ध झटकन हरपते, असं शेहिताचे समर्थक सांगतात. अनेक पशुवैद्यांच्या संघटना उत्तर देतात, की विशेषतः गुरांमध्ये तसं दर वेळी होत नाही.

स्वित्झर्लंडने 1893 साली जनमताने बेशुद्धीशिवाय कापण्यावर बंदी घातली. त्या प्रचारात प्राणिप्रेमाबरोबर ज्यूद्वेषही मिसळलेला होता. हिटलरच्या राजवटीने एप्रिल 1933 मध्ये, सत्तेवर येताच पहिल्या काही महिन्यांत, हेच केलं. या इतिहासामुळे युरोपातल्या ज्यूंना अशा कायद्यात पूर्वीचीच चाहूल लागते. पण प्रत्येक बंदीमागे द्वेष असतो, असं मी म्हणणार नाही. बेल्जियमच्या फ्लँडर्स आणि वॅलोनिया या प्रांतांतली बंदी 2019 पासून लागू झाली. युरोपीय संघाच्या न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये अशी बंदी ग्राह्य ठरवली आणि स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने फेब्रुवारी 2024 मध्ये ती धर्मस्वातंत्र्याचा भंग करत नाही, असा निर्वाळा दिला. जनावराच्या वेदनेचा प्रश्न खरा आहे आणि तो ज्यू परंपरेच्या आतूनही विचारला गेला आहे.

आयोवा राज्यातल्या पोस्टव्हिल गावातला ‘अॅग्रिप्रोसेसर्स’ हा अमेरिकेतला सर्वांत मोठा कोशेर कत्तलखाना होता. 2004 साली एका प्राणिहक्क संघटनेने गुप्तपणे केलेलं चित्रण उघड झालं. वार झाल्यावर लगेच गुरांच्या श्वासनलिका उपटल्या जात होत्या आणि काही गुरं नंतरही उभी राहायची धडपड करत होती. मांसावर शिक्का होता. मे 2008 मध्ये तिथे सरकारी धाड पडली, 389 स्थलांतरित कामगार पकडले गेले, त्यांत अल्पवयीन मुलंही होती. तेव्हाही शिक्का होता. तेराव्या शतकातला ज्यू विद्वान नाहमनिडीस याने लिहून ठेवलं आहे, की माणूस धर्मनियमांच्या चौकटीत राहूनही नीच वागू शकतो. पोस्टव्हिलनंतर अनेक रबायांनी त्याच वचनाकडे बोट दाखवलं. फुप्फुसावरचा पापुद्रा बोटांनी शोधणाऱ्या व्यवस्थेला शेजारी उभा असलेला अल्पवयीन कामगार दिसला नाही, तर नकार देणाऱ्याच्या हातात नुसता शिक्का उरला आहे.

कोकणातले पहारेकरी

नियम आणि माणूस यांचं नातं याच्या उलट टोकाला बघायचं असेल, तर अलिबागकडे यावं लागतं. बेने इस्रायल या इथल्या ज्यू समाजाची परंपरा सांगते, की त्यांच्या पूर्वजांचं जहाज नवगावजवळ फुटलं आणि सात जोडपी वाचली. त्यांनी तेलघाणे चालवले, शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. दिवेकर, पेणकर, केहिमकर अशी आडनावं लागली, मराठी ही घरची भाषा झाली. रबाय नव्हते, तालमूद नव्हतं. त्यांच्यात सांगितली जाणारी आख्यायिका अशी, की डेव्हिड रहाबी नावाचा विद्वान आला आणि त्याने समाजातल्या बायकांपुढे सगळ्या प्रकारचे मासे ठेवले. त्यांनी पर आणि खवले असलेले तेवढे उचलले, बाकीचे आम्ही खात नाही म्हणून सांगितलं. रहाबीने त्यावरून त्यांना ओळखलं.

1796 साली सामाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईत मांडवी भागात या समाजाचं पहिलं सिनेगॉग बांधलं. पुढच्या शतकात कोचीनहून शिक्षक, प्रार्थना चालवणारे हजान आणि शोहेत आले. जिथे शोहेत नसे, तिथे भाजी आणि मासळी होतीच. आमटीला नारळाचं दूध असल्याने मटणाबरोबर जनावराचं दूध येण्याचा प्रश्नच उरला नाही, आणि ज्यू नव्या वर्षाचा गव्हाच्या चिकाचा हलवाही नारळाच्या दुधात होऊ लागला. कोकणातल्या माडाने ज्यू नियमाची फार मोठी सोय केली.

हा समाज इस्रायलला गेला, तेव्हा नकाराची दुसरी, कडवट बाजू त्याच्या वाट्याला आली. 1962 मध्ये तिथल्या मुख्य रबायांच्या कार्यालयाने सूचना काढली, की बेने इस्रायलांशी विवाह लावताना त्यांच्या वंशाची चौकशी करावी. पिढ्यान् पिढ्या खवले तपासून मासा घेणाऱ्यांना आपण ज्यू असल्याचा पुरावा द्यायला सांगितलं गेलं. निदर्शनं झाली, जेरुसलेममध्ये धरणं धरलं गेलं. 1964 मध्ये त्यांना पूर्णपणे ज्यू मानलं जावं, अशी भूमिका इस्रायलच्या सरकारला आणि संसदेला घ्यावी लागली. सुरी तपासणाऱ्या नकाराला खाच दाखवावी लागते. माणसाला नाकारणाऱ्या त्या सूचनेकडे दाखवायला कोणतीही खाच नव्हती.

मुंबईला कोशेरच्या कामाची आणखी एक आठवण आहे. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात नरिमन हाऊसमध्ये मारले गेलेले रबाय गॅव्रिएल होल्ट्झबर्ग स्वतः शोहेत होते, प्रवासी ज्यूंना कोशेर जेवण मिळावं म्हणून झटत होते. त्याच घरात मारल्या गेलेल्यांमध्ये अन्नपदार्थांवर कोशेर देखरेख करणारे दोघे होते. अनोळखी लोकांच्या ताटात काय जातं याची जबाबदारी घेणारी ही माणसं होती.

आज आपण मांस घेतो ते प्लॅस्टिकच्या वेष्टनात. ते कोणत्या जनावराचं, कुणी कापलं, ते आजारी होतं का, कापणाऱ्याला किती मजुरी मिळाली, हे विचारायला समोर कुणी नसतं. कोशेरचे सगळे नियम पाळावेत असं मी कुणाला सांगणार नाही, त्यातले कित्येक त्या श्रद्धेबाहेर अर्थपूर्णही नाहीत. पण त्यांच्या मुळाशी असलेली एक अट कोणत्याही धर्माच्या, किंवा धर्म न मानणाऱ्या, खाणाऱ्याने मागावी अशी आहे. जीव घेणारी प्रत्येक साखळी कुठेतरी थांबवू शकणारा, नावानिशी जबाबदार असलेला एक माणूस तिथे हवा आणि त्याची रोजी त्याच्या होकारावर अवलंबून नको. ज्या कत्तलखान्यात, ज्या कारखान्यात असा माणूस नाही, तिथला शिक्का कोणत्याही धर्माचा असो, त्यावर विश्वास ठेवायला आपल्याकडे काही कारण नाही.